कागद खरा, बाई खोटी?

(मुळशी तालुक्यातील बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी पौड येथे झालेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)



'खोटी कागदपत्रं ओळखणारे संगणकाचे नियम' हा आजचा विषय फळ्यावर वाचून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते मी पाहिलं. हा तर मंत्रालयातल्या साहेबांचा आणि हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुलामुलींचा विषय, आपला काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण हे नियम कुठेही लिहिले गेले, तरी त्यांची कात्री चालते ती आपल्यावर. हप्ता बंद झाला की बाई पौडच्या तहसील कचेरीत येते. तिथे तिला एवढंच सांगतात, "संगणक घेत नाही." संगणक का घेत नाही, हे तिला कोणी सांगत नाही. ते आज आपण समजून घेऊ.

आधी हा नियम म्हणजे काय ते पाहू. यात जादू काही नाही. आपण दळणाला गहू देताना चाळून देतो. खडा चाळणीच्या भोकातून जात नाही, म्हणून वर राहतो. चाळणीला खडा म्हणजे काय ते कळत नाही, तिला फक्त भोकाचा आकार कळतो. संगणकाचा नियम अगदी तसाच असतो. त्याला खरं-खोटं कळत नाही. त्याला तीनच गोष्टी येतात. पहिली, दोन नोंदवह्या ताडून पाहणं: अर्जावरचं नाव आणि आधारवरचं नाव एक आहे का? दुसरी, मर्यादा बघणं: वय एकवीस ते पासष्टच्या आत आहे का, उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का? आणि तिसरी, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट हेरणं: एकच बँक खातं, एकच मोबाईल नंबर, एकच फोटो किती अर्जांवर आला? भोकं किती मोठी ठेवायची हे माणूस ठरवतो. म्हणून नियम कोणी लिहिला, कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला, हा प्रश्न आपला आहे.

अशा तपासणीची गरजच नाही, असं आपण म्हणत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ साली सुरू झाली, महिना पंधराशे रुपये. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका जोडप्याने एकाच बाईचे वेगवेगळ्या पेहरावातले फोटो लावून, दुसऱ्यांचे आधार क्रमांक वापरून जवळपास तीस अर्ज भरल्याचा गुन्हा नोंदला गेला. हे कसं उघडकीला आलं? खारघरच्या एका बाईने स्वतःचा अर्ज भरायला घेतला, तर तिच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज भरलेला निघाला. 'एका आधारला एकच अर्ज' हा साधा नियम होता, म्हणून ती अडली. पण अडल्यावर ती गप्प बसली नाही, दाद मागायला गेली, म्हणून चोरी सापडली. नियम आणि बाई या दोघींनी मिळून ते काम केलं, हे लक्षात ठेवा. पुढे २०२५ मध्ये चौदा हजारांहून जास्त पुरुषांनी या योजनेचे पैसे घेतल्याचं समोर आलं. बहिणीच्या नावाच्या योजनेत भाऊ! ते सापडले याचा आपल्याला आनंदच आहे.

आता दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितलं, की वेगवेगळ्या खात्यांची माहिती ताडून पाहिल्यावर सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत आहेत, म्हणून जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि ज्या पात्र ठरतील त्यांचे पैसे पुन्हा सुरू होतील. हा क्रम नीट पाहा. आधी पैसे थांबले, मग पडताळणी. एखाद्या कारकुनावर आरोप झाला तर आधी चौकशी होते आणि निलंबनातही त्याला निर्वाह भत्ता मिळतो. बाईचे पंधराशे मात्र आधी थांबतात आणि मग आपण खोट्या नाही हे तिने सिद्ध करायचं असतं.

शिवाय ही चाळणी बाईला आणि पुरुषाला सारखी लागत नाही. पुरुषाचं नाव पाळण्यात ठेवतात ते सरणापर्यंत तेच राहतं. आपलं काय? शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात कित्येकींचं स्वतःचं नावही बदलतं. मग रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव, आधारवर कधी हे तर कधी ते, बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. 'शेळके' मध्ये एक 'ए' जास्त पडला की संगणकाला ती दुसरी बाई वाटते. नियम म्हणतो, 'नावं जुळत नाहीत, कागद संशयास्पद.' ज्या समाजाने बाईचं नाव बदललं, त्याच समाजाचा संगणक आता तिला विचारतो, "तू नक्की कोण?" १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. तो चांगलाच आहे. पण आज कचेरीत उभ्या असलेल्या बायकांची नावं त्याआधीच विस्कटलेली आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचं झालं. त्यात बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. कुटुंबाचं उत्पन्न ताडून पाहायचं म्हणून. वरवर पाहता नियम बरोबर वाटतो. पण ज्यांचा नवराही गेला आणि वडीलही गेले त्यांनी काय करायचं? बोंबाबोंब झाली, तेव्हा मुदत वाढवावी लागली. विधवांनी मृत्यूचा दाखला द्यावा, घटस्फोटितांनी कोर्टाचा हुकूम द्यावा, अशी सोय करण्यात आली. ठीक. पण टाकलेल्या बाईने काय द्यावं? योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द आहे, पण परित्यक्ता असल्याचा कागद कोणता? नवरा बायकोला टाकताना पावती देतो का? महाराष्ट्रात परित्यक्तांच्या परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, त्या काळापासून आपण हेच विचारतो आहोत, की ज्या दुःखाचा दाखला मिळत नाही ते दुःख सरकारला दिसणार कसं? आता तोच प्रश्न संगणकाच्या खिडकीत येऊन बसला आहे, आणि खिडकी म्हणते, 'नवऱ्याचा ओटीपी टाका.' दहा वर्षं तोंड न दाखवलेल्या नवऱ्याला फोन करून ओटीपी मागायचा!

आता मी विषय वळवते जमिनीकडे. कारण मुळशीत बोलायचं आणि जमिनीबद्दल बोलायचं नाही, हे होऊ शकत नाही. भूगाव, पिरंगुट, माण, मारुंजी, लवळे, नावं घेतली तरी भाव डोळ्यांपुढे येतात. जिथे एकेकाळी भाताचं खाचर होतं, तिथे आज गुंठ्याचा भाव बोलला जातो. आणि जिथे गुंठ्याचा भाव बोलला जातो, तिथे बहिणीचं नाव जड होतं.

कायदा काय म्हणतो? हिंदू कुटुंबात वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला वारसा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना मुलाइतका हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सगळ्याच मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. इतकं सगळं झालं. मग सातबाऱ्यावर आपली नावं का दिसत नाहीत?

त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता वारस नोंदीचा. वडील वारले की वारसांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. आता हा अर्ज घरबसल्या ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सगळं संगणकावर. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. मोहीम चांगली आहे. पण वारस कोण, हे सांगतं कोण? घरातला कर्ता भाऊ. त्याने प्रतिज्ञापत्रात दोन मुलगे आणि विधवा लिहिली, तीन मुली लिहिल्याच नाहीत, तर संगणक काय तपासतो? गट नंबर बरोबर, खातं बरोबर, क्षेत्राचा मेळ बरोबर, मयताचा दाखला बरोबर. सगळे कागद एकमेकांशी जुळतात, म्हणून नोंद पुढे सरकते. ज्या तिघींची नावं नाहीत त्यांना नोटीस जाणार कशी? आणि गेलीच तर कित्येकदा माहेरच्याच पत्त्यावर जाते.

दुसरा रस्ता हक्कसोडपत्राचा. यात बाईचं नाव लागतं आणि लगेच निघतं. भाऊ गाडी घेऊन सासरी येतो, "ताई, जरा सही करायची आहे." साडीचोळी होते, बहीण सब-रजिस्ट्रारकडे उभी राहते. फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, दोन साक्षीदार ओळख पटवतात. वडिलोपार्जित मिळकतीच्या अशा हक्कसोडीला स्टँप लागायचा दोनशे रुपयांचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा. पाचशे रुपयांच्या कागदावर कोटीची जमीन. हा कागद खोटा आहे का? कुठल्याही संगणकाला विचारा, तो म्हणेल शंभर टक्के खरा. सही तिची, अंगठा तिचा, चेहरा तिचा. तिला वाचून दाखवलं होतं का, 'माहेर तुटेल' अशी भीती घातली होती का, हे कॅमेऱ्यात येत नाही. नोंदणी अधिकाऱ्याचं कामही कायद्याने एवढंच, की कागद करून देणारी हीच ना आणि तिने सही केल्याचं कबूल केलं ना.

आजच्या माझ्या भाषणाचं सार इथे आहे. संगणकाचा नियम एकमेकांशी न जुळणारे कागद पकडतो. आणि बाईवर होणारी लबाडी बहुतेक वेळा पूर्ण जुळणाऱ्या कागदांतून होते. म्हणून पंधराशे रुपयांसाठी आलेल्या बाईचं एक अक्षर चुकलं तर ती संशयित, आणि तीन बहिणींना गाळून दोन एकर घेणारा भाऊ मात्र स्वच्छ. नियमाने दोघांनाही न्याय दिला असं वाटतं. प्रत्यक्षात त्याने फक्त कागदाला न्याय दिला.

या खोऱ्याला हे नवीन नाही. इथेच १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे लढले, बायकाही लढल्या. त्या वेळी कागद काय म्हणत होता? कित्येक जमिनींवर नाव होतं पुण्यातल्या सावकारांचं, आणि नांगर होता मावळ्यांचा. सावकार मोबदला घेऊन मोकळे व्हायला तयार झाले, कारण कागदाप्रमाणे मालक तेच. कसणारा माणूस कागदात नव्हता, म्हणून मोबदल्यातही नव्हता. ते कागद खोटे होते असं कोणी म्हणालं नाही. कागद खरे असूनही घर बुडू शकतं, हे मुळशीला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

संगणकाच्या भरवशावर माणसांना संशयित ठरवलं की काय होतं, याचे दाखले बाहेरही आहेत. तेलंगणात वेगवेगळ्या खात्यांची माहिती जोडून रेशनकार्ड तपासली गेली. सायकलरिक्षा चालवणाऱ्या एका गरिबाच्या नावावर मोटारगाडी दिसली, कारण गाडीवाल्याचं नाव त्याच्या नावासारखं होतं. कार्ड गेलं. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितलं. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात पाळणाघराच्या अनुदानात लबाडी शोधताना हजारो आईबापांना चोर ठरवण्यात आलं. त्यात एकट्या आया आणि परदेशातून आलेली कुटुंबं खूप होती. वसुलीपायी संसार मोडले. त्या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. तेव्हा 'आपल्या अडाणी बायकांमुळे गोंधळ होतो' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. गोंधळ नियमात असतो.

मग आपण काय मागायचं? 'तपासणी बंद करा' ही आपली मागणी नाही. तपासणीचा तोंडवळा बदला, ही आपली मागणी आहे.

पहिली मागणी: आधी विचारा, मग थांबवा. हप्ता थांबवण्यापूर्वी मराठीत लेखी नोटीस हवी. कोणत्या नियमाने संशय आला, कोणती नोंद जुळली नाही, कोणाकडे दाद मागायची, हे त्यात हवं. निर्णयाखाली माणसाची सही हवी. 'संगणक घेत नाही' ही सही नव्हे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात, माणसावर गंभीर परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेऊ नये असं तत्त्व आहे. ते आपल्याला का नसावं?

दुसरी: बाईचं नाव जुळलं नाही म्हणून अर्ज बाद करता कामा नये. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकदाच जोडून घ्या, आणि ती जोडणी सगळ्या खात्यांनी मान्य करा.

तिसरी: परित्यक्तेसाठी नवऱ्याच्या आधारची अट नको. ग्रामसभेतली नोंद, अंगणवाडी सेविकेची आणि शेजारणींची साक्ष ग्राह्य धरा.

चौथी मागणी जमिनीची, आणि ती सगळ्यात मोठी. गाळलेलं नाव शोधणारा नियम लिहा. वारस नोंदीच्या अर्जात 'मुली किती, त्यांची नावं काय' हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये. 'मुलगी नाही' असं लिहिलं तर जुनं रेशनकार्ड आणि जन्मनोंदी ताडून पाहा. पंधराशेसाठी इतकी खाती जोडता येतात, तर दोन एकरांसाठी का नाही? वारस नोंदीनंतर थोड्याच दिवसांत सगळ्या बहिणींची विनामोबदला हक्कसोड आली, तर संगणकाने लाल खूण करावी आणि प्रत्येक बहिणीला एकटीला, भावांना बाहेर बसवून, कागद वाचून दाखवावा.

पाचवी: नियमाचाही हिशेब द्या. किती जणींना अपात्र ठरवलं, त्यातल्या किती जणी पडताळणीत पात्र निघाल्या, हे तालुकावार जाहीर करा. ज्या चाळणीत खड्यांबरोबर गहूही वर राहतो ती चाळणी फेकून द्यावी लागते.

या मागण्या लगेच मान्य होणार नाहीत. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. उद्यापासून करता येतील अशी चार कामं सांगते.

सरकारचं 'आपली चावडी' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर गाव निवडलं, की सध्या नोटिशीत असलेले फेरफार दिसतात. प्रत्येक गावातल्या एका गटाने आठवड्यातून एकदा, बचतीच्या बैठकीच्या दिवशी, आपल्या गावाची चावडी उघडून मोठ्याने वाचायची. एखाद्या घरात माणूस वारला आणि वारस नोंद लागली, तर मुली कुठे दिल्यात ते आपल्याला संगणकापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांना फोन करा. हरकतीला पंधरा दिवसच असतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. मुदत टळली तरी धीर सोडू नका, प्रांताकडे अपील करता येतं.

दुसरं, न वाचलेल्या कागदावर सही नाही. सही द्यायची की नाही हा प्रत्येकीचा प्रश्न, भावाला हक्क सोडण्याचं स्वातंत्र्यही तुमचंच. पण कागद आठ दिवस घरी मागून घ्या आणि जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. देणाऱ्याचा हेतू साफ असेल तर आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

तिसरं, आपली सगळी कागदपत्रं एका पिशवीत आणा आणि गटात बसून नावं ताडून पाहा. फरक आपणच आधी शोधू. एजंटाला आधारची झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते लिहा, तारीख टाका. ओटीपी कोणालाही सांगू नका.

चौथं, हप्ता थांबला तर तोंडी कारणावर माघारी फिरू नका. कारण लेखी मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. एकटीने नको, दहाजणींनी मिळून करा. दहा अर्जांत एकच कारण निघालं, तर चूक त्या दहा बायकांची नाही, हे साहेबालाही कळतं.

आणि जिच्या नावाने दुसऱ्याच कोणी पैसे उचलले असतील किंवा जिच्या जागी दुसरीच बाई उभी करून सही घेतली असेल, तिने पोलिसात जावं. बनावट दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेनेही गुन्हा ठरवला आहे. तिच्याबरोबर चौघी जा.

आज ज्या मुली हिंजवडीत असे नियम लिहितात, त्यांतल्या काही आपल्याच तालुक्यातल्या लेकी असतील. त्यांनाही आपल्या शिबिराला बोलवू. नियम लिहिताना चुकीचं नाव कोणतं हे तर त्या विचारतीलच. पण 'या यादीत कोणाचं नाव नाही?' हा प्रश्न विचारायला त्यांना आपण शिकवू. तो प्रश्न फार जुना आहे आणि आपण तो आपल्या घरात, आपल्या उंबऱ्यावर शिकलो आहोत.

चहानंतर प्रत्येक गावाने आपली चावडी वाचणाऱ्या दोघींची नावं द्यायची आहेत. कागद आणि पेन पुढे ठेवलं आहे.